सत्तेचाळीस पावलं

थोरल्या मामांचं एक निळं आंतर्देशीय पत्र मी अजून जपून ठेवलंय. १९७६ सालचं. मी तेव्हा पाचवीत होते. घडीच्या कडेला जी थोडी जागा उरली होती तिथं मामांनी माझ्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या. इथं कोंबडीएवढा एक तपकिरी पक्षी आहे, तो वाळूचा ढिगारा रचतो, त्यात अंडी पुरतो आणि उबवायला बसतच नाही, तरी पिल्लं निघतात. तुझ्या बाईंना विचार, हे कसं?

मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘अंड्यावर बसल्याशिवाय पिल्लू होत नसतं.’’ वर्ग हसला आणि प्रश्न माझ्याजवळच राहिला. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, दर रविवारी दुर्बीण घेऊन माळरानं आणि तळी पालथी घातली. पण तो पक्षी बघायला जायला निवृत्ती यावी लागली.

मामा साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. १९६९पासून सरकारनं ग्रेट निकोबार बेटावर माजी सैनिकांची कुटुंबं वसवायला घेतली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू अशा निरनिराळ्या प्रांतांतली ही माणसं जंगल तोडून, नारळ-सुपारी लावून तिथं राहिली. मामा-मामी त्यांतलेच. हे बेट म्हणजे भारताचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. तिथून सुमात्रा जवळ, आणि पोर्ट ब्लेअर मात्र पाचशे किलोमीटरच्या वर.

त्या पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम झालंय. तिथवर विमानानं गेले. पुढं बोट. निकोबारमध्ये परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ साली केलेले नियम तिथं लागू आहेत आणि ते असायलाच हवेत, कारण ही बेटं आधी निकोबारी आणि शॉम्पेन लोकांची आहेत. माझे कागद पुरे व्हायला कित्येक आठवडे गेले. मग बोटीचं तिकीट, मग तारीख बदलणं, मग पुन्हा रांग.

बोट निघाली आणि दुसऱ्या दिवशी दहा अंशांच्या खाडीत शिरली. अंदमान आणि निकोबार यांच्यामधला हा दीडशे किलोमीटरचा उघडा समुद्र. बोट अशी डोलायला लागली की खालच्या बाकांवरची माणसं पत्र्याच्या बादल्या जवळ घेऊन बसली. मी डेकवर कठडा धरून उभी होते. उडणारे मासे पाण्यावरून रुपेरी काड्यांसारखे सुटत होते आणि काळपट पाठीचे सुरय पक्षी त्यांच्यामागं लागले होते. बोट कार निकोबारला थांबली, कामोर्टाला थांबली. डुकरं, तांदळाची पोती, गॅसची नळकांडी उतरली. तिसऱ्या दिवशी सकाळी ढगात डोकं खुपसलेला हिरवागार डोंगर समोर आला. धक्क्यावर मामेभाऊ उभा होता.

‘‘आक्का, जेवलीस का बोटीत काही?’’

घरी मामी ओसरीवर बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, ‘‘पोरी, लई उशिरा आलीस गं. ते असते तर स्वतः घेऊन गेले असते तुला.’’ मामा जाऊन पंचवीस वर्षं उलटली होती. पन्नास वर्षं बेटावर काढूनही मामींच्या बोलण्यातला सातारा तसाच होता.

मामांच्या पत्रातल्या त्या पक्ष्याचं नाव निकोबार मेगापोड. मेगापोड म्हणजे मोठ्या पायांचा. एडवर्ड ब्लाइथ या शास्त्रज्ञानं १८४६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. जगात तो फक्त निकोबारच्या बेटांवर आहे. त्याचं बाकीचं कूळ ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, पूर्व इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या बाजूला पसरलंय. मधल्या सुमात्रात आणि मलाय द्वीपकल्पात यातलं कुणीच नाही. एक मत असं आहे, की जिथं रानमांजरं आणि उदमांजरं जमिनीवर फिरतात तिथं उघड्यावरच्या ढिगाऱ्यात अंडी टिकत नाहीत. म्हणून हे पक्षी अशा शिकाऱ्यांपासून दूर राहिलेल्या बेटांवरच उरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. कॅम्पबेल बेहून दक्षिणेकडं जाणारा रस्ता किनारा धरून जातो. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर अशी एकामागून एक वस्त्यांची नावं. पुढं मोटारसायकल ठेवून किनाऱ्यानं चालायचं होतं. वाटेत एक नाला आडवा आला. भावानं विजेरीचा झोत पाण्यावर फिरवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, ‘‘पाण्यात पाय नाही घालायचा. वर ओंडका आहे, त्यावरून जायचं.’’ इथल्या नाल्यांत आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. शेवाळलेल्या ओंडक्यावरून मी बसून, सरकत सरकत पलीकडं गेले. पलीकडं पोचले तेव्हा पायाला दोन जळवा होत्या आणि पूर्वेला फटफटायला लागलं होतं.

ढिगारा मी प्रथम पाहिला तेव्हा ओळखलाच नाही. केवड्याच्या झुडपांमागं, मोठ्या झाडांच्या सावलीत, माझ्या कमरेइतका उंच, चार-पाच पावलं रुंद असा वाळूचा आणि पालापाचोळ्याचा ढीग. त्यात पोवळ्याचे तुकडे मिसळलेले. आम्ही तीसेक पावलांवर एका पडलेल्या खोडाआड बसलो. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. फक्त वाळूतल्या माश्यांनी हात फोडून काढले. दुसऱ्या दिवशी पावसानं झोडपलं. तरीही ते दोन दिवस रिकामे गेले नाहीत. आपल्या नवरंगाचा भाऊबंद, काळ्या डोक्याचा हिरवा पिट्टा, समोर पानं उलथत फिरला. निकोबारचा मोठा पोपट केवड्याच्या फळावर येऊन बसला. अंगभर हिरवं-निळं झळकणारं, मानेवर लांब पिसांची झूल असलेलं निकोबार कबूतर एकदाच, पांढरी शेपटी दाखवत निघून गेलं. नामशेष झालेल्या डोडोचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातलग हाच.

तिसऱ्या दिवशी उजेड व्हायच्या आधीच झाडीतून आवाज आला. एकानं कुकारा सुरू केला, दुसऱ्यानं तो उचलला आणि दोन्ही सूर एकमेकांत अडकून वेगानं उतरत गेले. भावानं माझं मनगट दाबलं. जोडी आली. कोंबडीएवढे, तपकिरी, चेहऱ्यावर उघडी तांबूस कातडी आणि शरीराच्या मानानं फारच दणकट पाय. एकानं ढिगाऱ्याकडं पाठ केली आणि माती मागं उडवायला सुरुवात केली. धप, धप, धप. वाळूचा फवारा माझ्यापर्यंत ऐकू येत होता. खड्डा इतका खोल झाला की पक्षी आत दिसेनासा झाला. मग दुसरा आत उतरला. पाऊण तास हे चाललं होतं. शेवटी दोघांनी मिळून खड्डा बुजवला आणि पायांनी पाला ओढून वर पसरला. पन्नास वर्षांपूर्वी वर्गात झालेलं हसू त्या धपधप आवाजात विरघळलं. माझे डोळे भरून आले आणि दुर्बिणीची भिंगं धूसर झाली.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावातल्या उकिरड्यात आहे. शेणखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चटका बसण्याइतकी ऊब असते. ओला पाला कुजतो, त्यातले सूक्ष्मजीव उष्णता सोडतात. मेगापोड हेच करतो. वाळू, पोवळ्याचा चुरा आणि ओला पाचोळा यांचा ढीग रचतो, आणि आतली ऊब तेहेतीस-चौतीस अंशांच्या आसपास राहील अशी त्याची राखण करतो. पाला कमी पडला की नवा आणायचा, वाळू विस्कटली की पुन्हा ओढायची. अंडं कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीएवढं, लांबट, गुलाबी छटेचं. त्यात पिवळ्या बलकाचं प्रमाण फार मोठं असतं, कारण पिल्लाला आत दीर्घ काळ काढायचा असतो. कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येतं. याला सत्तर दिवसांहून जास्त लागतात. पुरलेल्या अंड्यातून पिल्लू पूर्ण पिसांनिशी निघतं, वाळू उकरत स्वतःच वर येतं आणि सरळ झाडीत पळून जातं. आईबाप त्याला कधी चारत नाहीत, कधी सांभाळत नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी जे करायचं ते सगळं त्या ढिगाऱ्यात केलेलं असतं.

यातून एक गोष्ट ठरून जाते. या पक्ष्याला किनाऱ्याची वाळू हवी, त्यालगतचं सावलीचं जंगल हवं आणि त्या जंगलाचा पाला हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात ती पट्टी फार अरुंद आहे. बहुतेक ढिगारे समुद्रापासून शंभर मीटरच्या आतच असतात.

माणसानंही घरं त्याच पट्टीत बांधली होती. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाला जमीन हलली. मामी आणि भाऊ सुपारी गोळा करायला आधीच चढावरच्या वाडीत गेले होते, म्हणून वाचले. खालचं घर, विहीर, मामांनी लावलेली नारळाची रांग, शेजारची तीन कुटुंबं समुद्रानं नेली. बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खाली खचलं. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ १९७२पासून कोरड्या जमिनीवर होता, तो पाण्यात उभा राहिला. भावानं मला घराची जागा दाखवली. तिथं आता पाणीच आहे, आणि पाण्यात पांढरी पडलेली मेलेली झाडं.

मेगापोडांचंही तेच झालं. कोइमतूरच्या सालीम अली पक्षिविज्ञान केंद्रातले रवी शंकरन यांनी नव्वदच्या दशकात बेटाबेटांवर किनारे पायी तुडवून ढिगारे मोजले होते. २००९ साली ते अकाली गेले. त्यांनी मोजून ठेवलं होतं म्हणूनच काय गेलं ते कळलं. त्सुनामीनंतर २००६च्या पाहणीत वापरातले ढिगारे जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घटलेले आढळले. उरलेल्या पक्ष्यांनी नव्या किनाऱ्यालगत पुन्हा वाळू ओढायला सुरुवात केली. मामी म्हणाल्या, ‘‘पाणी वसरल्यावर लई दिवस पाखराचा आवाज नव्हता. मग एका पहाटे ह्याचाच आला. मी छावणीत उठून बसले.’’

त्या रात्री मामींच्या परसातल्या फणसातून एकच लांब, उदास सूर थांबून थांबून येत होता. मला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची आठवण झाली. तिथले हुमायून अब्दुलअली यांनी याच कॅम्पबेल बेमध्ये १९६६ आणि १९७७ साली लहान घुबडाचे दोन नमुने मिळवले होते. ते संग्रहात पडून राहिले, आणि १९९८ साली पामेला रासमुसेन यांनी तपासून ती नवी जात असल्याचं सिद्ध केलं. जगाला हे घुबड बरीच वर्षं त्या दोन कातड्यांपुरतंच माहीत होतं. परसातला आवाज त्याचाच होता का, हे अंधारात मला ठरवता आलं नाही. वहीत मी ‘फक्त आवाज’ एवढंच लिहिलं. एवढ्या मोठ्या जंगलात अजून काय काय आहे, याचा अंदाज त्या एका सुरानं आला.

याच बेटाच्या दक्षिणेला गॅलेथिया नदी समुद्राला मिळते. तिथल्या वाळूवर लेदरबॅक ही जगातली सर्वांत मोठी कासवं अंडी घालायला येतात आणि मागच्या झाडीत मेगापोडांचे ढिगारे आहेत. त्याच उपसागरात मोठं बंदर बांधायचं ठरलं आहे. सोबत विमानतळ, वीजप्रकल्प आणि शहर. २०२२ साली पर्यावरण मंजुरीही मिळाली. बंदराचे फायदे सांगणारे लोक आहेत आणि बेटावरच्या तरुणांना काम हवंय, हे मी भावाच्या घरी रोज ऐकलं. तरी माझं मत मला स्पष्ट मांडलं पाहिजे. कासवाला आणि मेगापोडाला दुसरीकडं जा म्हणून सांगता येत नाही. त्यांना तीच वाळू लागते, तोच पाला लागतो. एका लाटेनं सत्तर टक्के नेलं. त्यातून हा पक्षी उठला, कारण जंगल मागं शिल्लक होतं. काँक्रीटच्या मागं तो कशातून उठेल?

तुम्हाला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. स्थानिक माणसाला सोबत घ्या. ढिगाऱ्यावर चढू नका, पक्ष्याला बोलवायला ध्वनिमुद्रण वाजवू नका, आणि शॉम्पेन वस्तीच्या वाटेलाही जाऊ नका.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या ढिगाऱ्याकडं गेले. भरती संपत आली होती. ओल्या वाळूवर पाण्याची जी शेवटची रेघ उमटली होती तिथं टाच टेकवली आणि चालायला लागले. वाळू, मग वेली, मग केवडा, मग सावली. ढिगाऱ्याच्या कडेला पोचेपर्यंत सत्तेचाळीस पावलं झाली.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या शाळेत गेले. पाचवीच्या वर्गात मामांचं पत्र वाचून दाखवलं, आणि मुलांना घेऊन शाळेमागच्या उकिरड्यात हात घालायला लावला. मग मैदानावर सत्तेचाळीस पावलं मोजली. एका टोकाला एक मुलगी समुद्र होऊन उभी राहिली, दुसऱ्या टोकाला मुलांनी पाल्याचा ढीग केला. ‘‘एवढंच?’’ एक जण म्हणाला. मी म्हटलं, ‘‘एवढंच.’’