शून्याची साक्ष

संगणकाच्या राज्यांत शून्याला मोठा मान आहे. युनिक्स पद्धतींत एखादी आज्ञावली काम संपवितांना ० ते २५५ यांपैकीं एक अंक मागें ठेवते. शून्य म्हणजे कार्य यथास्थित झालें. अन्य अंक म्हणजे कांहीं उणें राहिलें.

परंतु जें साधन दुसऱ्या आज्ञावलींतील दोष शोधून स्वतःच दुरुस्त करतें, त्यानें कोणता अंक द्यावा? दोष सांपडले म्हणून एक, कीं आतां उरले नाहींत म्हणून शून्य? जावास्क्रिप्टसाठीं २०१३ सालीं निघालेलें ईएसलिंट आणि पायथनसाठीं २०२२ सालीं आलेलें रफ हीं दोन्ही साधनें दुरुस्तीनंतरची स्थिति पाहतात. सर्व दोष गेले तर शून्य, कांहीं उरले तर एक, आणि साधनच अडखळलें तर दोन.

यांत एक धोका आहे. सामाईक भांडारांतील प्रत तपासणाऱ्या दूरच्या यंत्रावर दुरुस्तीची आज्ञा दिली, तर सुधारलेली प्रत सहसा तेथेंच राहून तपासणीबरोबर पुसली जाते. भांडारांत मूळ सदोष प्रत तशीच राहते. शून्य मात्र ‘सर्व ठीक’ अशी साक्ष देतें! म्हणूनच, दुरुस्ती झाली तरी शून्य देऊं नये, असा पर्याय रफमध्यें ठेविला आहे. प्री-कमिट ही व्यवस्थाही तपासणींत फाइल बदलली कीं अपयशच मानते.

यास्तव दुरुस्ती लेखकानें आपल्या यंत्रावर करावी आणि भांडाराच्या दारीं केवळ तपासणी ठेवावी. मग शून्याची साक्ष खरी ठरते.