गामेचा धडा आणि माळव्याची काळी माती

थंडी ओसरू लागली की इंदूरच्या फळबाजारात द्राक्षांच्या पेट्या येतात. काही नाशिकच्या, काही जवळच्या रतलामच्या. ही सगळी खायची द्राक्षं. फिकट रंगाची, कमी तुरट, ताजेपणी प्यायची रेड वाइन देणारी द्राक्षं माळव्यात पिकतील का? या प्रश्नाचं उत्तर शोधताना फ्रान्समधल्या गामे या जातीचा इतिहास उपयोगी पडतो.

१३९५मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामेच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. भरघोस पीक देणारी, पण हलक्या प्रतीची, असा तिच्यावर ठपका होता. तिथल्या चुनखडीच्या उतारांवर मान होता पिनो न्वार या जातीला. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या मातीत मात्र हीच गामे बहरली. आज बोजोलेची रेड वाइन म्हणजे गामेच. लुआर खोऱ्यात आणि स्वित्झर्लंडमध्येही तिच्या बागा आहेत. १९९९मध्ये डीएनए तपासणीतून कळलं की ती पिनोचीच लेक आहे. जात तीच, माती बदलली आणि नशीब पालटलं.

गामेचा काळा मणी चिमटीत दाबला तर रस जवळजवळ पांढरा निघतो. रंग असतो सालीत. बोजोलेत अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. मण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते, रंग उतरतो आणि तुरटपणा कमी राहतो. सप्टेंबरात काढलेल्या द्राक्षांची नवी वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते.

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. वेलीच्या मुळांना हवा असतो निचरा. मातीत हवा खेळती राहण्याचं महत्त्व कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ठासून मांडलं. इंदुरात होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांनी ‘इंदूर पद्धतीचं’ कंपोस्ट खत विकसित केलं. तिथे आज कृषी महाविद्यालय आहे. उताराची जमीन, उंच वरंबे आणि मातीला मानवणारा खुंट ही इथल्या बागेची पहिली अट.

दुसरी अट हंगामाची. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की मार्चचं ऊन तापण्याआधी घड हाती यायला हवा. इथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही जात लक्ष वेधते. कटावबा आणि ब्यूटी सीडलेस या जातींच्या संकरातून ती आली. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत ती तयार होते, बुरशीजन्य रोगांना दाद देत नाही. रस, जॅम आणि रेड वाइन या तिन्हींसाठी ती उपयोगी आहे. लागवडीची शिफारस महाराष्ट्र, तेलंगण, तमिळनाडू, पंजाब आणि पश्चिम बंगालसाठी झाली. मध्य प्रदेश त्या यादीत नाही.

ही उणीव भरून काढता येईल. इंदूरच्या कृषी महाविद्यालयाने काळ्या जमिनीत आणि मुरमाड उतारावर एआरआय-५१६ आणि गामे शेजारी-शेजारी लावून पाहाव्यात, चार-पाच हंगामांच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या शेतकऱ्यांपुढे मांडाव्यात. फ्रेंच नावाच्या मोहापायी थेट एकरभर वेली लावण्याची घाई मात्र माळव्यातल्या कोणत्याही बागायतदाराने करू नये. आधी मातीला विचारावं.