एंजिनाचा श्वास

मोटारींची आवड असणाऱ्या मंडळींत एक वाद बरीच वर्षे चालत आला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की एंजिन अंगाने मोठे असावे आणि त्याने आपली हवा आपणच ओढून घ्यावी. दुसरा पक्ष म्हणतो, एवढे धूड बाळगावयाचे कशाला? लहान एंजिन घ्या, त्याला टर्बो लावा, म्हणजे काम तेच होते आणि पेट्रोलही वाचते. दोन्ही पक्षांजवळ आकडे असतात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांचे आकडे मानीत नाहीत.

रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या चर्चच्या आवारात तरुणांचा जो घोळका उभा असतो, त्यात हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. तेथे तो करमणुकीपुरताच असतो. परंतु काही महिन्यांपूर्वी त्यांतलाच एक, माझा जुना विद्यार्थी, मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बेळगाव-पणजी रस्त्यावर भाड्याने चालवायला गाडी घेतोय. पाच वर्षांचं कर्ज होणार. हजार सीसीची टर्बो घेऊ, की दीड हजाराची साधी?" हा प्रश्न हौसेचा नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवतो खरा. पण त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, ते आज आपणापुढे मांडतो.

एंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळावयाचे तर त्याला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल द्रवरूप असल्यामुळे ते हवे तितके आत सोडता येते. अडचण असते ती हवेची. दट्ट्या खाली सरकतो, सिलिंडरात पोकळी होते, आणि बाहेरची हवा झडपेतून आत शिरते. तिला ढकलणारे दुसरे कोणी नाही. वातावरणाचा दाब एवढीच शक्ती. म्हणजे ज्याला आपण सीसी म्हणतो ते एका अर्थी एंजिनाच्या फुप्फुसांचे माप होय. दीड लिटरचे एंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा दीड लिटर हवा घेते. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर मिनिटाला २,२५० लिटर, वजनात सुमारे अडीच किलो. हवेला वजन असते हे वर्गात सांगितले की मुले हसतात. मोटारीला मात्र ते सतत मोजावे लागते.

अधिक शक्ती पाहिजे असेल तर फुप्फुसे मोठी करावी, किंवा श्वास जलद घ्यावा, म्हणजे फेरे वाढवावे. हे दोन मार्ग पहिल्या पक्षाचे. तिसरा मार्ग आल्फ्रेड ब्यूकी या स्विस एंजिनिअराने १९०५ साली पेटंट घेऊन दाखविला. इंधनातील ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तापलेल्या धुरावाटे बाहेर जातो आणि वाया जातो. त्या धुराच्या वाटेत एक लहानसे पात्यांचे चाक ठेवावयाचे. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक. ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. यंत्र एवढेच, मुठीत मावेल इतके; पण त्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात आणि पेट्रोल एंजिनात धुराकडील बाजूस नऊशे-हजार अंश उष्णता सोसावी लागते. मोटारीत असे चाक टिकविण्याजोगे धातू व तेल मिळावयास पुढे कित्येक दशके जावी लागली.

या कल्पनेची उत्तम परीक्षा मोटारीत नव्हे, डोंगरावर झाली. उंचीवर हवा विरळ होते. साध्या एंजिनाची शक्ती दर हजार मीटरला सुमारे एक-दशांश घटते. विमानांना हीच मोठी अडचण होती. सँफर्ड मॉस या अमेरिकन एंजिनिअराने १९१८ साली लिबर्टी नावाचे विमानाचे एंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन वर २३० वर आले. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर ते ३५६ पर्यंत गेले. लडाखला मोटार घेऊन जाणाऱ्यांना आज जो फरक जाणवतो तो याच जातीचा.

मोटारीत हा प्रयोग १९६२ साली अमेरिकेत झाला आणि फसला. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीच्या साडेतीन लिटर एंजिनाला टर्बो लावला होता. पण हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याची वाट न पाहता भलत्या वेळी पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि ते वाढले तर दट्ट्या भोकसला जातो. त्यावर उपाय म्हणून पाणी व मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण आत फवारण्याची योजना होती. त्याची टाकी मालकाने भरावयाची. मालक विसरत, आणि मग गाडीचा जोर आपोआप कमी केला जाई. आज हेच काम एंजिनाच्या पुढे बसविलेला हवा थंड करणारा रेडिएटर आणि संगणक करतात, म्हणून आपणांस त्याची वार्ता नसते.

दोन्ही पक्षांची खरी कुस्ती मात्र शर्यतीच्या मैदानात झाली. फॉर्म्युला वन शर्यतींचा १९६६ पासूनचा नियम असा होता, की साधे एंजिन असेल तर तीन लिटर, आणि हवा दाबून भरणारे असेल तर दीड लिटर. एक टर्बो लिटर म्हणजे दोन साधे लिटर, असा विनिमयाचा दर समजा. अकरा वर्षे टर्बो घेऊन कोणी त्या वाटेला गेले नाही. तीन लिटरचे कॉसवर्थ डीएफव्ही एंजिन स्वस्त, हलके आणि भरवशाचे होते. बहुतेक संघ तेच वापरीत. १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे रेनॉ कंपनीने दीड लिटरची पिवळी टर्बो गाडी उतरविली. टर्बोच बिघडला आणि गाडी शर्यत अर्धवट सोडून बसली. पुढेही ती इतकी वाफ व धूर सोडी, की इंग्रजांनी तिचे नाव पिवळी किटली ठेवले. चालक झाँ-पिएर जाबुय याने दोन वर्षे ही थट्टा सोसली, आणि १ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधील दिजाँ येथे त्याच वाणाच्या गाडीने पहिला क्रमांक मिळविला. त्यानंतर किटलीला हसणारे स्वतःच टर्बोच्या मागे लागले. १९८३ साली नेल्सन पिके जगज्जेता झाला तो दीड लिटर टर्बोवर, आणि त्या एंजिनाचा मूळ ओतीव ठोकळा बीएमडब्ल्यूच्या साध्या रस्त्यावरील गाडीच्या घराण्यातला होता! त्याच वर्षी डेट्रॉइटला जुन्या तीन लिटर कॉसवर्थच्या वंशाने आपला शेवटचा, १५५ वा विजय नोंदविला.

तेव्हा टर्बोपक्ष जिंकला म्हणावे काय? नियम करणारांनी १९८४ पासून पेट्रोल २२० लिटरांपुरते मर्यादित केले, आणि टर्बोची दुसरी बाजू उघडी पडली. १९८५ साली इमोला येथील शर्यतीत आघाडीवर असलेल्या आयर्टन सेन्नाचे पेट्रोल अखेरच्या काही फेऱ्यांत संपले. त्याच्या जागी पुढे आलेल्या स्टेफान योहान्सनचेही संपले. अलँ प्रोस्ट पहिला आला, पण तपासणीत त्याची गाडी नियमापेक्षा दोन किलो हलकी भरली आणि तो बाद झाला. विजय एलिओ दे आंजेलिसच्या पदरी पडला. याचे कारण साधे आहे. टर्बो जोरात हवा भरतो तेव्हा पेट्रोलही त्या मानाने द्यावेच लागते; शिवाय एंजिन फार तापू नये म्हणून वर थोडे जास्तीचे ओतावे लागते. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली आणि २०१४ साली नियम उलटे फिरून १.६ लिटरचा टर्बो सक्तीचा झाला. या वेळी शर्यतीला शंभर किलो इंधनाची मर्यादा होती आणि ती पाळून गाड्या धावल्या. प्रेक्षकांची तक्रार मात्र वेगळीच होती: आवाज गेला!

ही तक्रार मला पोरकट वाटत नाही. धुराच्या वाटेत चाक ठेवले म्हणजे आवाज दबणारच. फेरारीच्या ४५८ या गाडीचे साडेचार लिटरचे साधे एंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाई. ५७० अश्वशक्ती, आणि पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क, ५४० न्यूटन-मीटर, तोही सहा हजार फेऱ्यांवर. २०१५ साली तिच्या जागी ३.९ लिटरची टर्बो ४८८ आली: ६७० अश्वशक्ती, आणि ७६० न्यूटन-मीटर अवघ्या तीन हजार फेऱ्यांवर. आकड्यांत तुलनाच नाही. तरीही रसिकांनी जुनीसाठी हळहळ केली, कारण तिच्यात पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर आणि एंजिन यांच्यात कोणी मध्यस्थ नव्हता. टर्बोला आधी धूर, मग चाक, मग हवा, अशी साखळी पुरी व्हावी लागते. तिला जो क्षण लागतो त्याला लॅग म्हणतात. नव्या गाड्यांत तो फारच थोडा उरला आहे. पेटीवाल्याने भाता उचलावयास किंचित उशीर केला तर गवयाला ते कळते, श्रोत्यांना कळेलच असे नाही. तसे हे आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे या कुस्तीची तुल्यबळ जोडी एकाच कंपनीच्या दालनात सापडते. मारुती सुझुकीची २०२३ साली आलेली फ्राँक्स एक लिटर टर्बोसह मिळू लागली: १०० अश्वशक्ती, आणि सुमारे १४८ न्यूटन-मीटर, दोन हजारांपासून साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत सलग. त्याच कंपनीची २०२२ ची ब्रेझा दीड लिटर साध्या एंजिनाची: १०३ अश्वशक्ती, आणि सुमारे १३७ न्यूटन-मीटर, पण ४,४०० फेऱ्यांवर. कागदावर शक्ती जवळजवळ सारखी. साखळीहून निघून चोर्ल्याचा घाट चढताना मात्र फरक पडतो. गाडीत चार उतारू, मागे सामान, वळणावर वेग पडलेला, एंजिन दोन हजार फेऱ्यांवर. अशा वेळी टर्बोजवळ सगळा जोर हजर असतो, साध्या एंजिनाला गिअर उतरवून फेरे वाढवावे लागतात. त्यात कमीपणा नाही, आमच्या पिढीने सगळे घाट असेच चढले. पण दिवसातून दोन वेळा, वर्षानुवर्षे चढावयाचा असेल तर चालकाच्या पायाला आणि क्लचला ते कळते.

किमतीचा प्रश्न तर एंजिनिअरांच्या हातातच नाही. २००६ पासून आपल्या सरकारने चार मीटरांहून आखूड आणि पेट्रोलवर १,२०० सीसीपर्यंतच्या गाडीला कमी कर लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के आणि तिच्यावरच्या गाडीला ४० टक्के झाला. वरच्या दोन्ही गाड्या चार मीटरांच्या आतल्या, शक्तीही सारखी. परंतु एकीचे फुप्फुस हजार सीसीचे म्हणून ती १८ टक्क्यांत, दुसरीचे दीड हजाराचे म्हणून ती ४० टक्क्यांत. फॉर्म्युला वनच्या नियमाने निदान एका टर्बो लिटरचे दोन साधे लिटर तरी धरले होते. आपला करनियम टर्बोकडे पाहतच नाही. हा न्याय मला पटत नाही, पण कर्ज काढणाऱ्याने तो मोजलाच पाहिजे.

मायलेजविषयी सावध राहावे. आपल्याकडील जुन्या प्रयोगशाळेतील चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरांच्या वर जात नाही आणि गाडी हळुवार पळविली जाते. तेव्हा टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. लहान एंजिन लहान एंजिनासारखेच पितो. घाटात तो जागा होतो आणि इमोलाची गोष्ट लहान प्रमाणात घडते. म्हणून ज्याचा पाय जड, त्याचा टर्बोतील फायदा पेट्रोलपंपावर परत जातो. साध्या मोठ्या एंजिनाचे मायलेज चालकागणिक इतके बदलत नाही. आणि साध्या एंजिनात बिघडावयाजोगे सुटे भाग कमी, हे तर उघडच आहे. मोटार दहा-बारा वर्षे ठेवून, बहुतेक गावातच वापरून, आडगावच्या मेस्त्रीकडे दुरुस्त करावयाची असेल तर मी आजही मोठे साधे एंजिन घ्या असेच सांगेन.

टर्बो घेणाऱ्याने तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच आणि वेळेवर बदलावे. त्या लाख फेऱ्यांच्या दांड्याला तेलाच्या पातळ थराखेरीज दुसरा आधार नसतो. घाट चढून आल्यावर एंजिन लगेच बंद केले तर तेल थांबते आणि तापलेल्या दांड्यावर जळून त्याचा कोळसा बसतो. हल्ली टर्बोभोवती पाणी खेळवितात, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला आहे. तरी मिनिटभर एंजिन चालू ठेवावयास काय जाते?

माझ्या विद्यार्थ्याने टर्बोच घेतली. करातला फरक आणि घाट, या दोन गोष्टींनी त्याचा निर्णय झाला. आवाजाचा विचार त्याने केला नाही. चोर्ल्याचा घाट चढून तो कणकुंबीला चहासाठी थांबतो, तेव्हा गाडी उभी करूनही एंजिन चालू ठेवतो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहतो. मागचे उतारू विचारतात, "काय झालं? उतरायचं ना?" तो म्हणतो, "तुम्ही उतरा. हिला जरा दम घेऊ दे."