कॅमेऱ्यांतील चित्रें संगणकावर घेतांना



खळ्यावरील रास शेतकरी जशीच्या तशी कणगींत ओतीत नाहीं. तो ती उफणतो, दाणा हातांत घेऊन पाहतो, बियाणें वेगळें काढतो, आणि मगच माल घरांत घेतो. चलच्चित्रें घेणाऱ्यासही हाच क्रम लागू आहे. हल्लीं किन्हीराजासारख्या गांवींही पुष्कळ घरीं कॅमेरा असलेला फोन असतो. संमेलनें, खेळांचे सामने, लग्नकार्यें यांचीं चित्रें हौसेनें घेतलीं जातात. परंतु घेतलेल्या चित्रांची पुढें काय व्यवस्था लावावी, याचा विचार फार थोडे करितात. तीं चित्रें कशीं पारखावीं व संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें कशीं आणावीं, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कलेचा आपल्याकडील आरंभ पाहूं. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांनीं मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि आपणही चित्रपट करावा असा ध्यास घेतला. १९१२ सालीं ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. मोठ्या कामास हात घालण्यापूर्वीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें रोज घेऊन अंकुर वाढतांना दाखविणारी एक छोटी फीत तयार केली. नंतर ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फितीच्या कडांना भोकें पाडणें, ती अंधारांत धुणें, अशा कामीं पत्नी सरस्वतीबाई यांचें त्यांस मोठें साह्य होतें. चित्र कसें उतरलें, हें फीत धुऊन वाळल्यावांचून कळत नसे. पुढें चित्रशाळांतून अशी रीत रूढ झाली कीं, मूळ फीत जपून ठेवावी, तिची एक प्रत काढावी, आणि कातर चालवावयाची ती त्या प्रतीवरच.

आज फीत धुण्याचे कष्ट राहिले नाहींत. घेतलेलें चित्र तत्क्षणीं पाहतां येतें. पण जें तत्क्षणीं दिसतें तें तत्क्षणीं पुसतांही येतें, आणि येथेंच धोका आहे. म्हणून जुनी रीत आजही सोडूं नये.

पहिली पायरी नक्कल करण्याची. कार्ड संगणकास जोडून त्यांतील निवडक तुकडे उचलूं नयेत. सर्व फोल्डर नांवें न बदलतां जसेच्या तसे उतरून घ्यावे. याचें कारण असें कीं, पुष्कळ कॅमेरे चार गिगाबाइटांहून मोठी फाइल कार्डावर लिहूं शकत नाहींत. त्यामुळें एकच लांब भाषण दोन-तीन फाइलींत विभागलें जातें. त्यांतील एक राहिली कीं भाषण मध्येंच तुटतें. संगणकांत जागा किती लागेल, याचाही हिशेब आधीं करावा. कॅमेरा दर सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें नोंद करीत असेल, तर एका मिनिटास ७५० मेगाबाइट, म्हणजे तासास ४५ गिगाबाइट जागा लागते.

नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडून पहावा. मग दुसरी नक्कल वेगळ्या डिस्कवर करावी. एकाच डिस्कवर दोन प्रती ठेवणें म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच खिशांत ठेवण्यासारखें आहे. या दोन प्रती झाल्यावांचून कार्ड पुसूं नये.

दुसरी पायरी पाहणीची. ती नकलेवर करावी. पडद्यावर दिसणारें लहान चित्र हें त्या तुकड्यांतील एकच क्षण असतें. तेवढ्यावरून तुकडा टाकाऊ ठरविणें अन्यायाचें आहे. प्रत्येक तुकडा चालवून पहावा, व कानास हेडफोन लावून ऐकावा. कारण वाऱ्याचा घोंगावा पाहून कळत नाहीं. बहुतेक सॉफ्टवेअरांत ‘जे’ या कळीनें चित्र मागें, ‘एल’नें पुढें धांवतें, व ‘के’नें थांबतें. हवा तो भाग ‘आय’नें आरंभीं व ‘ओ’नें शेवटीं खुणावतां येतो. खूण केल्यानें मूळ चित्र कापलें जात नाहीं. शेजारीं वही ठेवून कोणत्या तुकड्यांत काय आहे हें लिहीत जावें.

तिसरी पायरी आयातीची, आणि येथें बहुतेकांचा समज चुकतो. शॉटकट, केडेनलाइव्ह, डाव्हिन्ची रिझॉल्व्ह यांसारख्या सॉफ्टवेअरांत चित्र ‘आणलें’ म्हणजे तें आंत साठविलें गेलें असें नव्हे. सॉफ्टवेअर फक्त त्या फाइलीचा पत्ता टिपून ठेवतें. ग्रंथालयाच्या सूचींत पुस्तकाचें नांव असतें, पुस्तक कपाटांत असतें, तसेंच हें आहे. चित्रें थेट कार्डावरून आणून कोणी कार्ड काढून घेतलें, किंवा फोल्डरचें नांव बदललें, तर सॉफ्टवेअरला चित्र सांपडत नाहीं, व केलेलें संकलन रिकामें दिसतें. फोल्डर केवळ हलला असेल तर नवा पत्ता दाखवून काम भागतें. फाइलच पुसली असेल तर मात्र उपाय उरत नाहीं. म्हणून आयात नेहमीं डिस्कवरील नकलेवरूनच करावी.

फोनवरील चित्रांबाबत एक विशेष आहे. त्यांचा दर सेकंदाचा चित्रवेग पुष्कळदां कमीजास्त होत असतो, व त्यामुळें ओठ आणि आवाज यांचा मेळ बिघडतो. शॉटकट अशी फाइल ओळखून ती बदलून घेण्याविषयीं विचारतें. तेव्हां होकार द्यावा. संगणक दुबळा असेल तर ‘प्रॉक्सी’ म्हणजे हलकी प्रत करून तिच्यावर काम करावें. अंतिम चित्रपट मूळ फाइलींवरूनच तयार होतो.

एवढी खबरदारी कशास, असें कोणी विचारील. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ सालीं झाली. त्याच्या जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास जानेवारी २००३ मध्यें आग लागून शेंकडों चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. ज्यांच्या नकला आधींच दुसऱ्या फितीवर झाल्या होत्या, ते चित्रपट आजही पाहतां येतात.

आपल्या घरची गोष्ट याहून निराळी नाहीं. जात्यावरची ओवी म्हणणारी आजी, पेरणीचे जुने दिवस सांगणारे आजोबा, यांचा आवाज एकदां पुसला गेला तर तो कोणतें सॉफ्टवेअर परत आणणार? मुलांनीं हा क्रम अंगवळणीं पाडावा; आणि पालकांनीं फोनमध्यें जागा नाहीं म्हणून कांहीं पुसण्यापूर्वीं मुलास बोलावून दोन प्रती झाल्या काय, एवढें अवश्य विचारावें, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करितों.