एका आयतापासून श्रग: दोन सुयांवरील विणकामातली मापे आणि हिशोब

या टिपणात लोकरीचा एक सरळ आयत विणून त्याचा बाह्यांचा श्रग कसा करायचा ते पाहू. पूर्वतयारी फारशी नाही. सुईवर टाके घालणे, सुलट टाका विणणे आणि शेवटी टाके बंद करणे या तीन गोष्टी येत असल्या की पुरे. उलट टाका येत नसला तरी अडणार नाही. गळ्याचा आकार, मुंढा, टाके घटवणे-वाढवणे यांतले काहीही इथे नाही. त्यामुळे सगळा भार मापांवर आणि हिशोबावर येतो, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार आवडतो तो बहुधा याच कारणाने.

आमचे कॉलेज बंगळूरच्या बनशंकरी भागात आहे. सोलापूर, नागपूर किंवा बेळगावकडून इथे शिकायला येणारी मुले पहिल्या डिसेंबरात थोडी फसतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पुन्हा २६-२७ वर जाते. (इथली आजवरची सर्वांत कमी नोंद ७.८ अंशांची आहे. ती जानेवारी १८८४ मधली.) एवढ्या थंडीसाठी जाड स्वेटर घेतला तर अकरा वाजल्यापासून तो हातात वागवावा लागतो. पाठ, खांदे आणि दंड झाकेल, कुर्त्यावर किंवा शर्टावर चढेल आणि काढला की पिशवीच्या कोपऱ्यात मावेल असे काही हवे असते. श्रग नेमका तसा आहे. तो मुलींनीच घालावा असेही काही नाही. आयताला ते कळत नाही.

आयत अंगाला कसा बसतो?

आयताचे वस्त्र आपल्याला नवे नाही. साडी, धोतर, उपरणे, शाल हे सगळे आयतच. त्यातले मला सर्वांत हुशारीचे वाटते ते घोंगडे. दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, मागावर विणलेले हे घोंगडे पावसात धनगर किंवा शेतकरी खोळ करून डोक्यावर घेतो. एक घडी घातली की डोके, पाठ आणि खांदे झाकले जातात. कात्री लागत नाही, सुईही लागत नाही. पण त्याला बाह्या करता येत नाहीत. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे जवळजवळ सरळ असतात, ओढले तरी फारसे लांबत नाहीत. म्हणून अशा कापडाचा अंगरखा शिवताना काखेत वेगळा तुकडा जोडावा लागतो. नाहीतर हात वर केला की शिवण उसवते.

सुयांवरच्या विणकामात सरळ धागा जवळजवळ नसतोच. प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचे एक वळण असते आणि ते खालच्या वळणातून बाहेर काढलेले असते. कापड ओढले की धागा स्वतः लांबत नाही. वळणाचा आकार बदलतो, ते एका दिशेला उंच आणि दुसऱ्या दिशेला अरुंद होते. सोडले की लोकरीतला ताठपणा त्याला पूर्वस्थितीकडे आणतो. म्हणूनच धागा ताणला जाणारा नसला तरी त्याचे विणलेले कापड ताणले जाते. कोणता टाका कापडाला किती ताण घेऊ देतो यावर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ एलिसाबेटा मात्सुमोतो आणि त्यांचे सहकारी काम करतात. घरोघरी हाताला माहीत असलेली गोष्ट आता समीकरणांत मांडली जात आहे.

टाक्याची निवड इथेच ठरते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणले तर समोरून गुळगुळीत, वेण्यांसारखे कापड मिळते. पण त्याच्या दोन बाजूंचे ताण असमान असतात. त्यामुळे उभ्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. आपल्या श्रगाच्या मधल्या भागाच्या कडा मोकळ्या राहणार आहेत, तिथे ही गुंडाळी त्रासाची. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजू सारख्या होतात, ताण एकमेकांना तोलतात आणि कापड सपाट राहते. शिवाय हे कापड विणण्याच्या दिशेत, म्हणजे ओळी वाढत जातात त्या दिशेत, जास्त लांबते. श्रग एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत विणायचा असल्याने ही दिशा पाठीवर आडवी येते. वहीवर लिहायला हात पुढे घेतले की पाठीत ताण पडतो, त्याच दिशेला कापड सैल होते.

तीन मापे

आयताची रुंदी र, लांबी ल आणि दोन्ही टोकांकडून शिवायची बाहीची लांबी ब, एवढीच तीन मापे आहेत.

र म्हणजे बाहीचा घेर. दंडाचा सर्वांत जाड भाग मोजा आणि त्यात ८ ते १० सेंमी सैलपणा मिळवा. दंड ३० सेंमी असेल तर र = ४० सेंमी. पाठीच्या मध्यावर हीच रुंदी मानेपासून खाली येणारी उंची होते. ४० सेंमी म्हणजे पाठीच्या साधारण मध्यापर्यंत.

ल म्हणजे एका कोपरापासून पाठीवरून दुसऱ्या कोपरापर्यंतचे अंतर. हे स्वतःचे स्वतःला मोजता येत नाही, मैत्रिणीची किंवा मित्राची मदत घ्या. हात थोडे पुढे घेऊन मोजा, कवायतीसारखे ताठ आडवे धरून नको. उदाहरणासाठी ल = १०० सेंमी धरू.

ब = २५ सेंमी. म्हणजे मधला मोकळा भाग १०० − ५० = ५० सेंमी. त्याच्या दोन कडा मिळून मानेमागून, खांद्यांच्या पुढून, काखेखालून आणि पाठीच्या खालच्या बाजूने जाणारे एक वर्तुळ बनते. त्याचा घेर २ × (ल − २ब), इथे १०० सेंमी. या सूत्रातला २ब नीट पाहा. ब मध्ये दोन्हीकडे एकेक सेंमी वाढवला तर घेर ४ सेंमीने कमी होतो. ब २० केला तर घेर १२०, ३० केला तर ८०. श्रग खांद्यावरून घसरतो किंवा काखेत काचतो, त्याचे कारण बहुतेक वेळा या एका मापात सापडते.

या तीन मापांतला आणखी एक फरक विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. र हे माप पहिल्या ओळीलाच ठरून जाते. सुईवर टाके घातले की ते बदलायला सगळे उसवावे लागते. ल हे शेवटच्या ओळीपर्यंत उघडे असते. विणता विणता अंगावर धरून पाहा, कमी वाटले तर आणखी विणा. ब तर शिवल्यानंतरही बदलता येते, कारण शिवण उसवायला पाच मिनिटे लागतात. तेव्हा सगळी काळजी र वर खर्च करा. मागावरचे कापड फाडून शिवताना असा क्रम मिळत नाही. तिथे कात्री लागली की संपले.

नमुन्याचा चौकोन

र नक्की करायचा तर आपल्या हाताचे १० सेंमीत किती टाके बसतात ते कळले पाहिजे. मध्यम जाडीची लोकर आणि ७ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि ते उलटे असतात: नंबर वाढला की सुई बारीक होते. ७ नंबर म्हणजे ४.५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी. परदेशी नमुन्यात नुसता ८ लिहिलेला असेल तर तो कोणत्या पद्धतीचा ते आधी पाहा; सर्वांत खात्रीचे म्हणजे मिमी.

३० टाके घालून ६० ओळी सुलट विणा, टाके बंद करा, चौकोन धुवा आणि सपाट वाळवा. मग मधोमध पट्टी ठेवून १० सेंमीतले टाके मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते धरू नका. ५ सेंमी मोजून दुप्पट करणेही नको, कारण मोजणीतली अर्ध्या टाक्याची चूकही दुप्पट होते. समजा २० टाके आणि ४० ओळी आल्या. सगळ्या सुलट ओळींच्या कापडात ओळी टाक्यांच्या साधारण दुप्पट बसतात, त्यामुळे हे आकडे एकमेकांची तपासणीही करतात.

आता ४० सेंमीसाठी ८० टाके. पण तुमचा हात घट्ट असून १० सेंमीत २२ टाके बसत असतील, आणि तुम्ही माझाच ८० हा आकडा उचलला, तर रुंदी ३६.४ सेंमी येईल. हात सैल असून १८ बसत असतील तर ४४.४. लोकर तीच, सुया त्याच, आकडाही तोच, आणि बाहीत ८ सेंमीचा फरक. म्हणून इथला ८० लिहून घेऊ नका, भागाकार लिहून घ्या. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात हाच आग्रह धरला होता: दुसऱ्याच्या आकड्यांमागे न जाता स्वतःच्या हाताचे माप काढा.

लोकर किती घ्यावी?

दुकानदाराला विचारले तर तो अंदाजाने सांगतो, आणि अंदाज सहसा जास्तीचा असतो. नमुन्याचा चौकोन प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोला. १५ × १५, म्हणजे २२५ चौ. सेंमीचा चौकोन १२ ग्रॅम भरला असे धरू. आयत ४० × १००, म्हणजे ४००० चौ. सेंमी. ४००० ÷ २२५ × १२ = सुमारे २१३ ग्रॅम. शिवण आणि जोडण्यांसाठी दहा टक्के धरा, २३५ ग्रॅम. ५० ग्रॅमचे पाच गुंडे. सगळे एकदम घ्या आणि वेष्टनावरचा शेड नंबरच नव्हे तर लॉट नंबरही जुळतो का पाहा. एकाच शेडच्या दोन लॉटांत रंगाचा किंचित फरक असतो. तो दुकानात दिसत नाही आणि पाठीच्या मधोमध उन्हात दिसतो. आम्ही बनशंकरीहून मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने चिकपेटला जातो, पण गावोगावच्या शिवणसाहित्याच्या दुकानात लुधियानाचे गुंडे मिळतात. लोकर या नावाने मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिकचा असतो. बंगळूरच्या थंडीला तो पुरतो, स्वस्त पडतो आणि धुवायला सोपा. फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवू नका. तो कायमचा ढिला पडतो.

विणणे आणि शिवणे

८० टाके सैल हाताने घाला. कडा एकसारखी यावी म्हणून प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता दुसऱ्या सुईवर घ्या. १०० सेंमीसाठी ४०० ओळी लागतील. त्या मोजत बसू नका. दोन ओळींची मिळून कापडावर एक उठावदार रेघ दिसते, तशा २०० रेघा मोजा. दर दहा रेघांना सुईवरचे टाके मोजण्याची सवय ठेवा. ८१ निघाले तर कुठेतरी धागा चुकून सुईवरून गेलेला असतो आणि तिथे छिद्र दिसते. ७९ निघाले तर टाका सुटलेला असतो, तो क्रोशाच्या सुईने वर आणता येतो. दहा रेघांत सापडलेली चूक दुरुस्त होते, शंभर रेघांनंतर सापडलेली बहुधा तशीच अंगावर वागवली जाते. नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा.

एकूण टाके ८० × ४०० = ३२,०००. मिनिटाला २५ टाके धरले तर २१ तासांहून थोडे जास्त. रोज एक तास दिला तर तीन आठवडे. नोव्हेंबरात सुरू केलेला श्रग थंडी पडायच्या आत होतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेला होत नाही.

शेवटचे टाके सैल बंद करा. तिथे हात आवळला तर एक बाही दुसरीपेक्षा घट्ट होते. शंका असेल तर बंद करण्यापुरती एक नंबर जाड, म्हणजे ६ नंबरची सुई वापरा. मग आयत लांबीच्या दिशेत दुमडा, १०० सेंमीच्या दोन्ही कडा एकमेकींवर आणा. दोन्ही टोकांकडून २५-२५ सेंमी शिवायचे आहे, पण आधी तिथे सेफ्टी पिना लावा आणि श्रग अंगात घाला. हात पुढे घ्या, वर करा, पाठीवर पिशवी अडकवून पाहा. घसरत असेल तर पिना मध्याकडे सरकवा, काचत असेल तर टोकाकडे. एकेक सेंमीनेच, कारण घेर चौपट बदलतो. समाधान झाल्यावर त्याच लोकरीने, बोथट सुईने, एका कडेचा टाका आणि समोरच्या कडेचा टाका असे घेत शिवा. शिवणीचा धागा फार आवळू नका, नाहीतर ताणले जाणारे कापड न ताणल्या जाणाऱ्या दोरीला बांधल्यासारखे होईल.

मधल्या वर्तुळाला हवी तर बॉर्डर करता येते: कडेचे टाके लांब गोल सुईवर उचलून एक सुलट एक उलट अशा पाच-सहा ओळी. ती गळ्यामागे कॉलरसारखी बसते. पहिल्या श्रगाला मी ती सांगत नाही.

धुतल्यावर पिळू नका. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढा आणि सतरंजीवर सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगला तर ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबत जातो, आणि मोजून घेतलेली कोपरापर्यंतची बाही मनगटावर येते.