लॉगचा पत्ता तोच ठेवा, डिस्क बदला

वेबसर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ लॉगमध्ये उतरते: कोणत्या आयपीवरून, किती वाजता, कोणते पान मागितले, उत्तर २०० गेले की ४०४, किती बाइट गेले. ही मांडणी एनसीएसएच्या सर्व्हरपासूनची. १९९५ मध्ये त्याच्याच कोडमधून उभ्या राहिलेल्या अपाचेने ती पुढे चालवली. ब्राउझरचे नाव वगैरे धरून ओळ दोनशे बाइटची मानली, तर दिवसाच्या पन्नास लाख विनंत्यांचा एक जीबी होतो. सर्ट-इन या भारताच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणजे न दाबता ठेवले तर १८० जीबी. डेबियनवर अपाचेचे लॉग '/व्हार/लॉग/अपाचे२'मध्ये साठतात आणि बहुतेकदा त्याच डिस्कवर मायएसक्यूएलचा डेटाही असतो. डिस्क भरली की डेटाबेस अडतो आणि साइट बंद पडते. तेव्हा लॉगला वेगळी डिस्क हवीच. वाद आहे तो लॉग तिथे न्यायचे कसे याचा.

सरळ दिसणारी वाट म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या 'एररलॉग' आणि 'कस्टमलॉग' या ओळींत नवा मार्ग लिहिणे. काम दोन मिनिटांचे, पण जुना मार्ग आणखी किती ठिकाणी गृहीत धरलेला आहे ते पाहा. जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढणारा लॉगरोटेट जुन्याच फोल्डरवर नजर ठेवून राहतो, त्यामुळे नव्या जागी फाइल बेसुमार वाढते. रेड हॅटवर एसईलिनक्स अनोळखी फोल्डरमध्ये लिहू देत नाही. सर्वांत गंभीर मुद्दा मालकीचा. अपाचे लॉग उघडतो तो रूटच्या अधिकाराने. लॉगच्या फोल्डरमध्ये ज्याला लिहिता येते, त्याला रूटपर्यंत पोहोचता येऊ शकते, असा इशारा अपाचेच्याच दस्तऐवजात आहे. 'परमिशन डिनाइड' दिसले की घाईने फोल्डर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेबसर्व्हरच्या खात्याच्या नावे करणारे हे दार स्वतःच उघडतात. २०१६ मध्ये डेबियनच्या एनजिनएक्स पॅकेजमध्ये नेमकी अशीच त्रुटी सापडली होती.

म्हणून नवी डिस्क जुन्याच फोल्डरवर माउंट करावी. मार्ग बदलत नाही, त्यामुळे रोटेशनचे नियम आणि एसईलिनक्सचे धोरण तसेच लागू राहते. नव्या डिस्कवर मालकी आणि लेबल तेवढे एकदा लावावे लागते. सर्व्हर थांबवून जुन्या फाइली आधी हलवाव्यात, नाहीतर त्या माउंटखाली दडून जागा अडवत राहतात.

कोणी म्हणेल, एका सर्व्हरवर वीस ग्राहकांच्या साइट असतील तर प्रत्येकाचा लॉग त्याच्या होम फोल्डरमध्ये असणे सोयीचे नाही का? सोयीचे आहे, पण तिथे ग्राहकाला लिहिता येते, म्हणजे वरचा धोका परत आला. त्याला वाचण्यापुरती परवानगी किंवा रोजची प्रत देता येते. कंटेनरचा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिथे लॉग फाइलीत न ठेवता बाहेरच्या यंत्रणेकडे सोपवायचा असतो. तरीही एनजिनएक्सच्या अधिकृत डॉकर प्रतिमेत लॉगचा नेहमीचा मार्ग कायम आहे; त्या फाइली फक्त 'एसटीडीआउट' आणि 'एसटीडीएरर'कडे जोडलेल्या असतात. पत्ता तिथेही कोणी बदललेला नाही.

डिस्क लावून झाली की 'एफस्टॅब'मध्ये तिची नोंद करा आणि सर्व्हर एकदा रीबूट करून पाहा. ती नोंद करायची राहून गेली, तर पुढच्या रीबूटनंतर लॉग कोणतीही तक्रार न करता जुन्याच डिस्कवर लिहिले जाऊ लागतील.