प्रतिपिंडे किती काळ टिकतात? आरोग्यसेवकांच्या रक्ताने दिलेले उत्तर

‘एकदा होऊन गेला, आता पुन्हा भीती नाही,’ असे २०२० साली कोरोनातून बरे झालेले अनेकजण म्हणत. काहींनी तर रक्ताची तपासणी करून प्रतिपिंडांचा अहवाल जपून ठेवला. पुढे काही महिन्यांनी तोच आकडा खाली आला, तेव्हा ते धास्तावले. हा भरवसा आणि ही धास्ती कितपत खरी, हे साध्या भाषेत सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत. आम्ही वैद्यकाचे नव्हे, कला शाखेचे पदवीधर. परंतु हा विषय प्रत्येक घराचा आहे.

प्रथम प्रतिपिंड म्हणजे काय ते पाहू. विषाणू शरीरात शिरला की रक्तातील विशिष्ट पेशी त्याच्याशी नेमकी जुळणारी प्रथिने तयार करतात. हीच प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडीज. विषाणूचे भाग अनेक, म्हणून प्रतिपिंडेही अनेक प्रकारची. कोरोनाच्या बाहेरील काट्याला स्पाइक म्हणतात. त्याविरुद्धची प्रतिपिंडे वेगळी आणि विषाणूच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची वेगळी.

ती किती टिकतात याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञ रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांकडे वळले. कारण उघड आहे. रोगाशी त्यांचा रोजचा संबंध, आणि त्यांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासणे शक्य. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत २०२० साली सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. त्यांपैकी ११.२ टक्के लोकांना कधी ना कधी लागण झाल्याचे दिसले. सर्वाधिक प्रमाण कोणात होते? डॉक्टरांत नव्हे, तर रुग्णांची ने-आण करणाऱ्या हमालांत आणि सफाई कामगारांत. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

याच रुग्णालयांत पुढे असे आढळले की, न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची प्रतिपिंडे सुमारे ८५ दिवसांत निम्मी होतात. स्पाइकविरुद्धची मात्र १८० दिवसांनंतरही ९४ टक्के लोकांत कायम होती. म्हणजे माणूस एकच, रक्तही एकच. एका चाचणीत ‘प्रतिपिंडे नाहीत’ असे येते, दुसरीत ‘आहेत’ असे येते. म्हणून ‘किती काळ टिकतात’ असे विचारण्याआधी ‘कोणती’ असे विचारावे लागते.

मग संरक्षणाचे काय? ऑक्सफर्डमध्येच प्रतिपिंडे नसलेल्या ११,३६४ कर्मचाऱ्यांपैकी २२३ जणांना पुढील काही महिन्यांत लागण झाली. प्रतिपिंडे असलेल्या १,२६५ जणांत ती केवळ दोघांना झाली आणि त्या दोघांनाही लक्षणे नव्हती. ब्रिटनमधील ‘सायरन’ नावाच्या पाहणीत २५,६६१ आरोग्यसेवक होते. पूर्वी लागण झालेल्यांना पुन्हा ती होण्याचा धोका सुमारे सात महिने ८४ टक्क्यांनी कमी राहतो, असे तीत दिसले.

आकडा उतरूनही संरक्षण राहते, याचे कारण शरीराच्या व्यवस्थेत आहे. आमच्या बँकेत सायंकाळी काउंटरवरील रोकड कमी होते, म्हणून तिजोरी रिकामी झाली असे होत नाही. तसेच येथेही आहे. लागणीनंतरची पहिली मोठी भरती ओसरते, पण काही पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या मगजात, मुक्काम करून थोडी थोडी प्रतिपिंडे बनवीत राहतात. काही स्मृतिपेशी शत्रूची ओळख जपतात आणि तो पुन्हा आल्यास त्वरेने कामाला लागतात.

तथापि ही तिजोरी अक्षय नाही. सायरनच्याच २०२२ सालच्या निष्कर्षानुसार, लस न घेतलेल्यांत लागणीमुळे मिळालेले संरक्षण एक वर्षानंतर घटले. ज्यांनी लागणीनंतर लसही घेतली, त्यांचे संरक्षण दीड वर्षापूर्वी लागण झालेली असूनही ९० टक्क्यांच्या वर राहिले. नंतर विषाणूनेही रूप बदलले. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉनने पूर्वी लागण झालेल्यांना व लस घेतलेल्यांनाही गाठले. मात्र गंभीर आजारापासूनचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकले.

आपल्या देशात लसीकरणाचा आरंभ १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यसेवकांपासूनच झाला. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ७,२५२ आरोग्यसेवकांची पाहणी केली. त्यांपैकी ८५.२ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्यात लागण आणि लस या दोहोंचा वाटा होता.

विद्यार्थी मित्रांनी यातून एवढे घ्यावे. अहवालातील एका आकड्यावर निर्धास्त होऊन लस टाळू नये, आणि तो उतरला म्हणून घाबरूही नये. कोणती चाचणी, किती दिवसांनी, विषाणूचे रूप कोणते, हे प्रश्न विचारण्याची सवय लावावी. आज हे ज्ञान आपल्या हाती आहे, कारण परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांनी जोखमीची सेवा बजावीत असताना तपासणीसाठी पुन्हा पुन्हा आपला हातही पुढे केला. त्यांचे हे ऋण समाजाने विसरता कामा नये.